दवाखान्याच्या दारातला पैसा



माणूस आजारी पडला म्हणजे तो वैद्याकडे जातो, हे विधान इतके साधे आहे की त्यावर व्याख्यान द्यावे असे त्यात काही असेल, हे प्रथमदर्शनी कोणालाच वाटणार नाही. परंतु आपल्या घराकडे आणि शेजाराकडे जरा नजर टाकली, तर हे विधान किती अपुरे आहे ते ध्यानात येते. एखादा गृहस्थ साध्या पडशासाठी डॉक्टरांच्या दारात जाऊन बसतो. दुसरा महिनोन् महिने दुखणे अंगावर काढतो. रक्तदाबाची गोळी चार पैसे वाचविण्यासाठी मध्येच बंद करणारा माणूस पुढे पक्षाघात झाल्यावर शेत गहाण टाकून शहराच्या इस्पितळात दाखल होतो. असे का होते? त्यात पैशाचा भाग किती, सवयीचा किती, आणि दवाखान्याचे दार वेळेवर उघडे असण्या-नसण्याचा किती? हा प्रश्न जितका वैद्यकाचा, तितकाच अर्थशास्त्राचाही आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत अर्थशास्त्रज्ञांनी तो कसा हाताळला, कोठे भांडले आणि कोठे एकमताला आले, त्याचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

आपण म्हणाल की, इतिहास म्हणजे राज्ये, लढाया आणि तह. औषधाच्या किमतीला कसला इतिहास? पण औषधाच्या किमतीवरून मंत्रिमंडळे हादरलेली आहेत. 5 जुलै 1948 या दिवशी इंग्लंडात राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. आजाऱ्याने दारात जावे, उपचार घ्यावा आणि खिशात हात न घालता परत यावे, हे तिचे तत्त्व होते. ती उभारणारे मंत्री अन्यूरिन बेव्हन हे वेल्समधील कोळशाच्या खाणीत मजुरी करून वर आलेले गृहस्थ. पुढे कोरियाच्या युद्धामुळे संरक्षणखर्च वाढला आणि 1951 च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी कवळ्या आणि चष्मे यांवर शुल्क बसविण्याचे ठरविले. रक्कम राज्याच्या मानाने अगदी क्षुल्लक होती. तरीही बेव्हन यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये राजीनामा दिला आणि त्यांच्याबरोबर, पुढे पंतप्रधान झालेले, हॅरल्ड विल्सन हेही बाहेर पडले. 1952 मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीमागे एक शिलिंग शुल्क आले. विल्सन पंतप्रधान झाल्यावर 1965 मध्ये त्यांनी ते काढून टाकले, आणि पैशाची ओढाताण झाल्यावर 1968 मध्ये त्यांच्याच सरकारला ते पुन्हा लावावे लागले! पुढे वेल्सने 2007 मध्ये, उत्तर आयर्लंडने 2010 मध्ये आणि स्कॉटलंडने 2011 मध्ये ते रद्द केले; इंग्लंडने मात्र ठेवले.

या भांडणात दोन्ही बाजूंचे म्हणणे आपल्या ओळखीचे आहे. एक बाजू म्हणते की, फुकट मिळाले की लोक उधळतात. थोडे शुल्क ठेवावे, म्हणजे ज्याला खरी गरज आहे तोच येईल. दुसरी बाजू म्हणते की, शुल्काने उधळ्या माणूस अडत नाही, गरीब अडतो. दोन्ही बाजू तावातावाने बोलत होत्या, आणि दोहोंपैकी कोणापाशीही पुरावा नव्हता. हे मी कमीपणा दाखविण्यासाठी सांगत नाही. पुरावा गोळा करण्याची पद्धतच अद्यापि निघावयाची होती.

विचाराची पायाभरणी अमेरिकेत झाली. डिसेंबर 1963 मध्ये केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञांनी वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. या ॲरोंना पुढे 1972 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : भाजी घेणारा भाजी पारखून घेतो, पण आजारी माणसाला आपल्याला काय हवे हेच ठाऊक नसते. आजार केव्हा येईल ते सांगता येत नाही. आला तर कोणत्या उपचाराने जाईल, तेही सांगता येत नाही. आणि हे ज्ञान ज्याच्यापाशी असते, तोच ते विकावयास बसलेला असतो. त्यामुळे मंडईचे नियम दवाखान्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. डॉक्टरांवरील विश्वास, त्यांच्या धंद्याची नीती आणि विमा या गोष्टी तेथे बाजाराची उणीव भरून काढण्यासाठीच उभ्या राहतात.

विमा आला म्हणजे दुसरी अडचण येते. ज्याचे बिल दुसरा भरतो, तो हात सैल सोडतो. विमाशास्त्रात या प्रवृत्तीला ‘मॉरल हॅझर्ड’ असे नाव आहे. नाव ऐकून हा काही दुराचार आहे असा समज होतो. पण 1968 मध्ये मार्क पॉली यांनी दाखवून दिले की यात नीतिभ्रष्टता काहीच नाही. वस्तू स्वस्त झाली की माणूस ती जास्त घेतो, एवढाच साधा व्यवहार त्यात आहे. नंतर 1972 मध्ये मायकेल ग्रॉसमन यांनी आणखी एक पाऊल टाकले. माणसाचे आरोग्य हे त्याचे भांडवल होय, असे त्यांनी मांडले. ते जन्मतः काही मिळते, वयाबरोबर झिजते, आणि आहार, व्यायाम, विश्रांती व औषध यांच्या रूपाने त्यात भर घालावी लागते. लोक औषधासाठी औषध घेत नाहीत. काम करता यावे, जगता यावे म्हणून घेतात. विहिरीचा गाळ काढणारा शेतकरी गाळासाठी गाळ काढत नाही, पाण्यासाठी काढतो; तसेच हे.

सिद्धान्त झाले, पण बेव्हन आणि गेट्स्केल यांच्या भांडणाचा निकाल त्यांनी लागत नव्हता. शुल्क लावले तर जे वापरणे घटते, ते वायफळ असते की गरजेचे? आणि त्याने प्रकृती बिघडते की नाही? नुसत्या आकड्यांवरून हे कळत नाही, कारण चांगला विमा काढणारे लोक आणि न काढणारे लोक मुळातच निराळे असतात. ज्याला आजाराची धास्ती आहे तोच मोठा विमा घेतो. मग त्याचा खर्च जास्त दिसला, तर दोष विम्याचा की आजाराचा? या गाठीतून सुटण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे कोणाला कोणता विमा मिळेल, हे चिठ्ठ्या टाकून ठरविणे.

हे धाडस अमेरिकेत प्रत्यक्षात आले. कॅलिफोर्नियातील रँड कॉर्पोरेशन या संस्थेने जोसेफ न्यूहाउस यांच्या नेतृत्वाखाली आणि संघराज्य सरकारच्या पैशाने एक विराट प्रयोग हाती घेतला. नोव्हेंबर 1974 मध्ये ओहायो राज्यातील डेटन येथे पहिली कुटुंबे दाखल झाली. पुढे सिॲटल, मॅसॅच्युसेट्समधील फिचबर्ग व फ्रँकलिन परगणा, आणि दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन व जॉर्जटाउन परगणा अशी एकूण सहा ठिकाणे झाली. सुमारे 5,800 माणसे त्यात होती. कोणाला उपचार पूर्णपणे मोफत, कोणाला बिलाचा चौथा हिस्सा स्वतः भरावयाचा, कोणाला निम्मा, आणि कोणाला शंभरातले 95 स्वतःच भरावयाचे. मात्र वर्षभरात कुटुंबाच्या खिशातून जाणाऱ्या रकमेला मर्यादा होती. ती उत्पन्नाच्या 5, 10 किंवा 15 टक्के, आणि फार तर 1,000 डॉलर. शिवाय प्रयोगात आल्याने कोणत्याही कुटुंबाचे नुकसान होऊ नये, म्हणून प्रत्येकाला भरपाईदाखल रक्कम मिळत असे. कुटुंबे कोठे तीन, तर कोठे पाच वर्षे प्रयोगात राहिली, आणि 1982 मध्ये तो संपला.

निकाल काय लागला? पहिला निकाल शुल्कवाद्यांच्या बाजूचा होता. मोफत गटातील माणूस वर्षाला सरासरी साडेचार वेळा डॉक्टरांकडे गेला. 95 टक्के स्वतः भरणारा पावणेतीन वेळा. एकूण खर्चही त्या गटात सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाला. किंमत वाढली की वापर घटतो, हे आता कोणाला नाकारता येईना. दुसरा निकालही वरकरणी त्याच बाजूचा होता. 1983 मध्ये रॉबर्ट ब्रूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकृतीची मोजमापे प्रसिद्ध केली, तेव्हा सरासरी माणसाच्या बाबतीत मोफत आणि सशुल्क गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. एवढे वाचून अनेकांनी पुस्तक मिटले. अमेरिकेतील विमा कंपन्यांनी आणि मालकांनी रुग्णाचा वाटा वाढविताना पुढे कित्येक वर्षे याच प्रयोगाची साक्ष काढली.

पण श्रोतेहो, सरासरी ही फसवी गोष्ट आहे. नदीची खोली सरासरी गुडघाभर आहे, एवढ्यावर विसंबून कोणी पोरे घेऊन पलीकडे जात नाही. ब्रूक यांच्याच अहवालात पुढे असे होते की, जे गरीब होते आणि ज्यांना प्रयोगापूर्वीच उच्च रक्तदाब होता, त्यांना मोफत उपचाराने निश्चित लाभ झाला. त्यांचा रक्तदाब उतरला, आणि अशा जोखमीच्या माणसांत मृत्यूचा अंदाजलेला धोका सुमारे 10 टक्क्यांनी कमी झाला. दृष्टिदोषही जास्त दुरुस्त झाले. ज्या चष्म्यांवरून बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले होते, त्या चष्म्यांच्या बाबतीत त्यांचे म्हणणे बत्तीस वर्षांनी खरे ठरले.

तिसरा निकाल माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच सर्वांत कमी सांगितला गेला. शुल्क लावले म्हणजे लोक वायफळ भेटी कमी करतील आणि गरजेच्या चालू ठेवतील, हा शुल्काच्या बाजूचा मुख्य आधार होता. 1986 मध्ये कॅथलीन लोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे निवडून पाहिले, तेव्हा दिसले की लोकांनी उपयुक्त उपचार आणि निरुपयोगी उपचार जवळजवळ सारख्याच प्रमाणात कमी केले. चाळणी लावली होती कोंडा काढण्यासाठी. पण कोंड्याबरोबर दाणेही तितकेच गेले. आणि यात नवल ते काय? छातीत दुखते ते अपचनाने की हृदयाने, हे रोग्याला कळत असते तर तो डॉक्टरांकडे गेलाच कशाला असता? ॲरो यांनी 1963 मध्ये जे तर्काने सांगितले होते, तेच येथे मोजमापाने पुढे आले.

अमेरिकेत पुढे वृद्धांच्या औषधविम्यावर जे संशोधन झाले, त्यात अमिताभ चंद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये हेच अधिक कठोरपणे दाखविले. औषधाची किंमत थोडी वाढताच म्हाताऱ्या माणसांनी गोळ्या सोडल्या, त्यांत हृदयविकाराच्या गोळ्याही होत्या. आणि ज्यांना त्या गोळ्यांची सर्वांत अधिक गरज होती, त्यांनीही त्या सोडल्या. मृत्यूचे प्रमाण त्यामुळे वाढले.

आता दृष्टी दुसऱ्या खंडाकडे वळवू. 1987 मध्ये जागतिक बँकेने विकसनशील देशांतील आरोग्यसेवेच्या अर्थव्यवस्थेवर एक धोरणपत्र काढले आणि सरकारी दवाखान्यांत शुल्क घ्यावे असा सल्ला दिला. शुल्काने पैसा उभा राहील, औषधे येतील, आणि लोक दवाखान्याची कदर करतील, हा त्यातील युक्तिवाद. आफ्रिकेतील अनेक देशांनी तो मानला. युगांडाने मात्र मार्च 2001 मध्ये सरकारी दवाखान्यांतील शुल्क रद्द केले, तेव्हा रुग्णांची संख्या एकदम वाढली, आणि त्या वाढीत गरिबांचा भाग मोठा होता. म्हणजे इतकी वर्षे कोण बाहेर उभे होते, ते दार उघडल्यावर कळले.

शेजारच्या केनियात याच प्रश्नाची परीक्षा चिठ्ठ्या टाकून झाली. बुसिया जिल्ह्यातील 75 शाळांत 1998 पासून मुलांना जंताची औषधे देण्याचा कार्यक्रम चालू होता, आणि मायकेल क्रेमर व एडवर्ड मिगेल हे अर्थशास्त्रज्ञ त्याचे परिणाम मोजत होते. औषध आरंभी मोफत होते. 2001 मध्ये सोडतीने निवडलेल्या काही शाळांत पालकांकडून थोडे पैसे घेण्यास सुरुवात झाली. रक्कम मुलामागे सरासरी 30 सेंटच्या आसपास, म्हणजे खऱ्या खर्चाचा लहानसा अंश. त्याबरोबर औषध घेणाऱ्यांची संख्या सुमारे 80 टक्क्यांनी घसरली! आणि ज्या मुलांच्या पोटात जंत अधिक, त्यांच्या पालकांनी पैसे अधिक भरले, असेही दिसले नाही. या कार्यक्रमाच्या शाळेतील हजेरीवर झालेल्या परिणामांविषयी 2015 मध्ये विद्वानांत मोठा वाद झाला. परंतु किमतीचा हा धडा त्या वादाबाहेरचा आहे.

त्याच केनियात जेसिका कोहेन आणि पास्कालीन द्युपा यांनी गर्भवतींच्या दवाखान्यांत कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांची परीक्षा केली. कोठे मच्छरदाणी मोफत, कोठे 10, 20 वा 40 शिलिंग. मोफतऐवजी 40 शिलिंग, म्हणजे अर्ध्या डॉलरहून किंचित अधिक, किंमत ठेवताच घेणाऱ्यांचे प्रमाण शंभरात साठांनी उतरले. मग ज्यांनी पैसे मोजले त्यांनी तरी ती अधिक निष्ठेने वापरली काय? घरोघर जाऊन पाहिले, तर मोफत घेणारीच्या घरीही मच्छरदाणी तितक्याच प्रमाणात खाटेवर टांगलेली होती. फुकटच्या वस्तूची किंमत राहत नाही, असे आपण जे ठासून म्हणतो, ते निदान मच्छरदाणीच्या बाबतीत खरे ठरले नाही.

येथवरचा इतिहास ऐकून कोणी म्हणेल की, प्रश्न सुटला. सर्व काही मोफत करावे, म्हणजे झाले. पण याच सुमारास आपल्या देशातून एक निराळी साक्ष आली, आणि तिने या समजाला वेसण घातली.

राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर ही संस्था दीर्घकाळ काम करीत आहे. तिच्या साहाय्याने अभिजित बॅनर्जी, ॲंगस डीटन आणि एस्थर द्युफ्लो यांनी शंभर वस्त्यांची पाहणी केली आणि 2004 मध्ये ती प्रसिद्ध केली. हे अभिजित बॅनर्जी मुंबईत जन्मलेले. त्यांच्या मातोश्री अर्थशास्त्रज्ञ निर्मला बॅनर्जी या माहेरच्या पाटणकर. पाहणीत आढळले की सरकारी आरोग्य उपकेंद्र, जेथे उपचार मोफत किंवा नाममात्र शुल्कात मिळावयास हवा, ते उघडे असावयाच्या वेळेत शंभरातून 56 वेळा बंदच होते. कोणत्या दिवशी उघडेल, याचाही नेम नव्हता. चार कोस चालत जाऊन कुलूप पाहून परत येणाऱ्या बाईला उपचार मोफत आहे असे सांगणे, ही थट्टा झाली. तिचा दिवस बुडाला, मजुरी बुडाली. दारात पैसा द्यावा लागला नाही, तो वाटेतच गेला. मग ती गावातल्या पदवी नसलेल्या डॉक्टरकडे किंवा भोप्याकडे जाते आणि तेथे पैसे मोजते. आपण तिला अडाणी म्हणतो. हिशेब मात्र तिचाच बरोबर असतो.

पुढचा प्रयोग लसीकरणाचा. त्या भागात सर्व लसी पूर्ण झालेल्या मुलांचे प्रमाण अत्यंत कमी होते. 134 गावे घेऊन त्यांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट पाडले. एका गटात काहीच बदल केला नाही. दुसऱ्यात दर महिन्याला ठरलेल्या दिवशी गावातच लसीचे शिबिर भरे, आणि ते चुकत नसे. तिसऱ्यात असेच शिबिर, आणि शिवाय प्रत्येक लसीमागे आईच्या पदरात एक किलो डाळ, व सर्व लसी पूर्ण झाल्यावर ताटांचा संच. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे : पहिल्या गटात सर्व लसी पूर्ण झालेली मुले शंभरात 6, दुसऱ्यात 18, तिसऱ्यात 39. गंमत अशी की डाळ देऊनही तिसऱ्या गटातील खर्च कमी पडला. एका मुलाच्या पूर्ण लसीकरणास शिबिरात 2,202 रुपये लागले. डाळ दिली तेथे 1,102. कारण परिचारिका बसून राहण्याऐवजी तिच्यापुढे रांग लागली, आणि तोच पगार अधिक मुलांत वाटला गेला.

एक किलो डाळीसाठी आई लस टोचून घेते, म्हणजे तिला लसीवर विश्वास नव्हता काय? तसे असते तर डाळीच्या मोलाने ती आपले मूल सुईपुढे कधीच धरती ना. लसीला तिचा विरोध नव्हता. फक्त आजचे काम उद्यावर जात होते. लसीचा त्रास आज होतो. तिचा लाभ म्हणजे पुढे न झालेला एक आजार, आणि न झालेली गोष्ट कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही. व्यायाम उद्यापासून सुरू करणारा शहरातला सुशिक्षित आणि लस पुढच्या महिन्यात देऊ म्हणणारी डोंगरातली आई, यांच्या मनाची घडण एकच आहे. फरक इतकाच की सुशिक्षिताच्या घरी नळाला शुद्ध केलेले पाणी येते, आणि मुलाचा लसीचा दाखला शाळाच मागते. त्याच्या आळसाची भरपाई समाज करतो. तिच्या आळसाची भरपाई करणारे कोणी नसते. हे सारे संशोधन करणाऱ्या बॅनर्जी, द्युफ्लो आणि क्रेमर या तिघांना 2019 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

याच उदयपुरात परिचारिकांच्या हजेरीचाही एक प्रयोग झाला. हजेरीची वेळ यंत्राने नोंदवावयाची आणि गैरहजेरीबद्दल पगार कापावयाचा, असे ठरले. आरंभी हजेरी चांगलीच सुधारली. पण वरून सवलतीचे दिवस मंजूर होऊ लागले, आणि सुमारे दीड वर्षात गाडी मूळपदावर आली. तात्पर्य, दाराची किंमत काढली तरी दार उघडण्याची जबाबदारी कोणावर आहे, हा प्रश्न उरतोच.

आता एकदा पुन्हा अमेरिकेस जाऊ, कारण या इतिहासाचा एक मोठा अध्याय अद्यापि राहिला आहे. 2008 मध्ये ऑरेगॉन राज्यापाशी गरिबांच्या सरकारी विम्यात सुमारे 10,000 जणांना घेण्याइतका पैसा होता; अर्ज आले सुमारे 90,000. न्याय्य मार्ग म्हणून सरकारने सोडत काढली. संशोधकांनी चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या, परिस्थितीनेच टाकल्या. एमी फिंकेलस्टीन, कॅथरिन बेकर आणि त्यांचे सहकारी यांनी फक्त मोजले. विमा मिळालेले लोक डॉक्टरांकडे अधिक गेले, इस्पितळात अधिक दाखल झाले. तातडीच्या विभागात तर सुमारे 40 टक्के अधिक गेले; विमा दिला की लोक तेथील गर्दी सोडून नेहमीच्या डॉक्टरांकडे जातील, या आशेच्या हे उलट झाले. दोन वर्षांनी रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि साखर यांच्या मोजमापांत खात्रीने सांगता येईल असा फरक आढळला नाही. परंतु उदासीनतेच्या विकाराचे प्रमाण जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले, आणि आजारपणाच्या खर्चाने कुटुंब कंबरेत मोडावे असे प्रसंग जवळजवळ नाहीसे झाले. अमेरिकेत यावर पुन्हा दोन तट पडले. एकाने म्हटले, प्रकृती सुधारली नाही. दुसऱ्याने म्हटले, रात्री झोप लागू लागली, हे काय थोडे झाले? कर्जाची टांगती तलवार डोक्यावरून जाणे हाही एक उपचारच आहे, असे मला वाटते; ज्याने ते कर्ज काढले आहे त्याला हे पटवून द्यावे लागणार नाही.

येथे एका शंकेचा विचार केला पाहिजे. माणसांवर असे प्रयोग करणे, कोणाला डाळ आणि कोणाला काहीच नाही असे चिठ्ठीने ठरविणे, योग्य आहे काय? शंका रास्त आहे. ज्या उपायाचा गुण आधीच सिद्ध झाला आहे, तो केवळ तुलनेसाठी कोणाला नाकारणे अयोग्यच होय. परंतु मोजल्यावाचून लावलेले धोरण हाही एक प्रयोगच असतो. फरक एवढाच की तो साऱ्या देशावर होतो आणि त्याची नोंद कोणी ठेवत नाही. 1987 नंतर आफ्रिकेत शुल्के लागली, तेव्हा कोणी चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. आणि जी मुले त्या काळात दवाखान्यात आली नाहीत, त्यांची गणती कोणत्याही तक्त्यात नाही.

शेवटी आपल्या घरचा विचार. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1946 मध्ये आपला अहवाल दिला. पैसा नाही म्हणून कोणीही उपचाराला मुकू नये, हे तिचे पहिले तत्त्व होते. बेव्हन यांच्या योजनेच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट. तत्त्व कागदावर राहिले, आणि लोक आपल्या खिशातून खर्च करीत राहिले. सरकारी हिशेबाप्रमाणे देशातील एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता. 2021-22 मध्ये तो 39.4 टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे. पण शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये अजून आजाऱ्याच्याच घरातून निघत होते.

महाराष्ट्राने या बाबतीत दोन पावले टाकली. जुलै 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढे ती राज्यभर झाली, आणि 2017 पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. दुसरे पाऊल 15 ऑगस्ट 2023 चे. त्या दिवसापासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंतचे शुल्क रद्द झाले. या दोन पावलांकडे आजच्या इतिहासाच्या उजेडात पाहिले, तर काय दिसते?

विम्याची योजना मुख्यतः इस्पितळात दाखल झालेल्यांसाठी आहे. शस्त्रक्रियेचे मोठे बिल ती भरते, आणि ऑरेगॉनप्रमाणे कुटुंबाला कर्जापासून वाचविते. परंतु रँडच्या प्रयोगात जीव कोठे वाचले होते? शस्त्रक्रियेच्या खोलीत नव्हेत. गरिबाच्या रक्तदाबाच्या रोजच्या गोळीत वाचले होते. पक्षाघात झाल्यावर लाखाचे बिल भरावयाचे आणि तो टाळणारी गोळी मात्र रोग्याने दुकानातून विकत घ्यावयाची, ही वरातीमागून घोडे नेण्याची रीत झाली. म्हणून शुल्कमाफीचे पाऊल मला दोहोंत अधिक दूरदृष्टीचे वाटते. कारण ते दारातल्या पैशाला हात घालते. मात्र उदयपूरचा धडा आपण विसरू नये. केसपेपर मोफत झाला, पण औषधाच्या खिडकीवर ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठीच हाती पडली, तर शुल्क रद्द झाले असे म्हणता येणार नाही. ते एका खिडकीवरून उठून रस्त्यापलीकडच्या दुकानात गेले, इतकेच.

मोफत दिले तर दवाखान्यात गर्दी होते, हेही खरे आहे. या इतिहासाने ते एकदा नव्हे, तीनदा सिद्ध केले आहे. पण त्या गर्दीत उभे असलेले सगळे उधळे आहेत, असे समजण्याचे कारण नाही. युगांडातील दारांवर जे लोक एका महिन्यात दिसू लागले, ते त्या महिन्यात आजारी पडले नव्हते. ते आधीपासूनच आजारी होते. आपल्याला दिसत नव्हते, एवढेच.

तेव्हा आपण नागरिकांनी काय करावे? मोठी धोरणे मुंबईत आणि दिल्लीत ठरतात. पण दवाखान्याचे दार आपल्या गल्लीत असते. ते ठरलेल्या वेळी उघडते काय, रक्तदाबाची आणि मधुमेहाची गोळी तेथे महिनाभराची मिळते काय, लसीकरणाचा दिवस चुकतो काय, एवढे तीन प्रश्न आपण आपल्या नगरपालिकेला आणि जिल्हा परिषदेला वारंवार विचारू शकतो. त्यासाठी नोबेल पारितोषिक लागत नाही. साठ वर्षांच्या वादातून निघालेले सार हेच की, दुखणे अंगावर काढणारा माणूस बहुधा मूर्ख नसतो आणि निष्काळजीही नसतो; तो हिशेबी असतो. त्याचा हिशेब चुकीच्या बाजूला झुकतो, कारण आपण त्याच्या वाटेत पैसा, अंतर आणि कुलूप ठेवलेले असते. ते तिन्ही उचलले, तर त्याला उपदेश करण्याची गरज फारशी उरणार नाही.